आधी टेम्पो, मग नोंदणी : छोट्या धंदेवाल्यांची सहकारी संस्था कशी उभी करावी

जूनच्या पहिल्या आठवड्यात लातूरच्या ट्युशन एरियात, म्हणजे क्लासच्या पोरांच्या भागात, सकाळी सातला उभं राहून बघा. एकाच गल्लीतले सहा मेसवाले सहा स्कूट्यांवर, पायात तेलाचा डबा धरून, एकाच दुकानातून परत येताना दिसतील. सहाही जणांना दर वेगळा लागलेला असतो आणि सहाही जणांना वाटतं, आपल्यालाच स्वस्त पडलं. मी तेव्हा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर पट्ट्या (मालाच्या विक्रीच्या पावत्या) लिहायचो. डाळ गिरणीतून कोणत्या भावाने निघते आणि या लोकांच्या कुकरपर्यंत कोणत्या भावाने पोचते, हे मला रोज दिसायचं. पुढे त्याच भागातल्या काही जणांनी मिळून संस्था काढली. तिचे कागद मी लिहिले, आणि आजही अर्धवेळ सचिव म्हणून तिचा हिशेब बघतो.

नव्याने असं काही करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण मेसचं आहे, कारण तेच मला आतून माहीत आहे. पण भूमचे खवा भट्टीवाले, पैठणचे विणकर, वसमतला हळद कांडणारे, नांदेडच्या गल्लीत गणवेश शिवणारे टेलर, यांनी डाळीच्या जागी आपापला माल घालून वाचावं. विणकराला रेशीम, टेलरला कापड-दोरा. खवेवाल्याची अडचण जरा निराळी, त्याला खरेदीपेक्षा माल टिकवायला थंड जागा हवी. पण दहा जणांनी मिळून एक जागा घेणं आणि दहा जणांनी मिळून एक टेम्पो भरणं, दोन्हीचा हिशेब एकाच तऱ्हेने चालतो.

सहकार म्हटलं की आपल्याकडे साखर कारखान्याची चिमणी डोळ्यांपुढे येते, नाहीतर जिल्हा बँकेची निवडणूक आणि पांढऱ्या कपड्यातली माणसं. आज लागू असलेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, अमलात आला २६ जानेवारी १९६२ पासून. ज्या कायद्याने कारखाने उभे राहिले, त्याच कायद्याने दहा मेसवाल्या मावश्या आपली संस्था काढू शकतात. ही गोष्ट मात्र त्या चिमणीच्या धुरात झाकली गेली.

पहिलं काम : वही

तीन महिने फक्त वही लिहा. संस्थेचं नाव, लेटरहेड, अध्यक्ष कोण, हे सगळं नंतर. कोणता माल, किती, कोणत्या तारखेला, कोणत्या दराने, रोख की उधार. एवढे रकाने पुरेत. आठ-दहा जणांनी हे प्रामाणिकपणे केलं की आपला पैसा कुठे गळतो ते दिसायला लागतं. बऱ्याच जणांचा अंदाज इथेच चुकतो. आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं, गॅस महाग पडतो. वह्या एकत्र केल्या तेव्हा तेल, डाळ आणि गहू या तिघांतच खरी फट निघाली.

एका मध्यम मेसचा हिशेब समजा असा धरू. महिन्याला ६० किलो तूरडाळ, ८ डबे तेल, ३ क्विंटल गहू. एकत्र घेतल्यावर डाळीला किलोमागे ८ रुपये, तेलाला डब्यामागे ६० रुपये आणि गव्हाला क्विंटलमागे १५० रुपये फरक पडतो असं धरा. म्हणजे ४८० अधिक ४८० अधिक ४५०, महिन्याला १,४१०. मेस वर्षात दहा महिने चालते, तर १४,१०० रुपये. स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईचा दीड-दोन महिन्यांचा पगार त्यातून निघतो.

आता याची दुसरी बाजू मांडा, कारण बहुतेक जण ती मांडतच नाहीत. बारा मेस मिळून महिन्याची बचत १६,९२०. गोदामाचं भाडं ४,०००, हिशेबाला अर्धवेळ माणूस ५,०००, टेम्पो-हमाली २,५००. झाले ११,५००. उरले ५,४२०, म्हणजे एका मेसच्या वाट्याला साडेचारशे रुपये. एवढ्यासाठी कोणी मीटिंगला येत नाही. हेच पंचवीस जण झाले तर बचत ३५,२५०. खर्च वाढून १५,००० झाला तरी २०,२५० उरतात. कायद्याला दहा माणसं पुरतात, धंद्याच्या गणिताला पुरतीलच असं नाही. माणसं कमी असतील तर सुरुवातीला गोदाम घ्यायचंच नाही. माल टेम्पोतून थेट दारात उतरवायचा.

दुसरं : नोंदणीआधी तीन टेम्पो

माझा हा आग्रह काही लोकांना विचित्र वाटतो. पण ज्यांनी आधी कागद केले आणि मग माल शोधला, त्यांचे शिक्के कपाटात पडलेले मी पाहिलेत. म्हणून आधी तीन महिने तीन वेळा एकत्र खरेदी करा. अगदी साधी. पैसे आधी गोळा, मग माल. आपल्याकडे भिशी सगळ्यांना येते. महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे न चुकता आणणारा माणूस कोण आणि "उद्या देतो" म्हणणारा कोण, हे भिशीतच कळतं. टेम्पोतही तेच कळेल.

आमचा पहिला टेम्पो पहाटे साडेपाचला आला. तीस किलोचे डाळीचे कट्टे. (लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर पाच टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही, म्हणून बाजारात तीसचा कट्टा दिसतो. किराणा दुकानातून पाच-पाच किलोची पाकिटं नेणारा मेसवाला हा कर विनाकारण भरतो.) हातात कंदिलासारखा मोबाइल धरून मी नावं वाचत होतो आणि प्रत्येक जण आपला कट्टा उचलायच्या आधी सुतळीची शिवण उसवून डाळ तळहातावर घेऊन बघत होता. एकीने दोन दाणे दाताखाली फोडले आणि म्हणाली, "हे धकतंय. पण पुढच्या बारीला गिरणीत मी सोबत येणार." तीच पुढे आमच्या खरेदी समितीत आली. माल पारखणारं माणूस असं सापडतं, निवडणुकीने सापडत नाही.

तिन्ही वेळा पैसे वेळेवर आले, वजन बरोबर भरलं, भांडण झालं तरी मिटलं, तर पुढे जा. नसेल तर तिथेच थांबा. काही बुडालं नाही.

तिसरं : माणसं

कायद्याने किमान दहा व्यक्ती लागतात, आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबातल्या. नवरा-बायको मिळून दोन धरता येत नाहीत. मेसच्या धंद्यात पहाटे चारला उठून कणीक मळते ती बाई आणि कागदावर नाव तिच्या नवऱ्याचं, असं सर्रास असतं. मी सांगतो, सभासदत्व बाईच्या नावाने घ्या. व्यवस्थापन समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेतच, पण इथे मुद्दा आरक्षणाचा नाही. माल वापरणारं माणूस सभेला बसलं की प्रश्न नेमके येतात.

एक सभासद, एक मत. कोणी पाचशेचा शेअर घेतला काय आणि पाच हजारांचे घेतले काय, मत एकच. शिवाय एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून जास्त एका सभासदाला ठेवता येत नाही. एखादा पैसेवाला "मी सगळे भांडवल घालतो, तुम्ही फक्त सह्या करा" म्हणत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चौथं : कागद

इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही, तरी क्रम सांगतो. प्रवर्तकांची, म्हणजे संस्था काढणाऱ्यांची, सभा घ्या, इतिवृत्त लिहा, एकाला मुख्य प्रवर्तक नेमा. तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक किंवा उपनिबंधक कार्यालयात आधी तोंडी विचारा, की आपला उद्देश कोणत्या प्रकारच्या संस्थेत बसतो. खरेदीची, उत्पादकांची, पतपुरवठ्याची, प्रत्येकाचे आदर्श उपविधी (संस्थेचे छापील नियम) वेगळे असतात. मग नावाला मान्यता, बँकेत खातं, शेअर आणि प्रवेश फीची रक्कम त्या खात्यात. अर्ज नमुना 'अ' मध्ये, सोबत उपविधीच्या चार प्रती, प्रवर्तकांची यादी, बँकेचा शिल्लक दाखला, आणि संस्था कशी चालवणार याची योजना. तीन टेम्पोच्या वह्या जपून ठेवल्या असतील तर ही योजना एका बैठकीत लिहून होते. बाकीचे लोक कोणाचीतरी जुनी योजना नाव बदलून जोडतात, आणि साहेबाने एक प्रश्न विचारला की गप्प होतात.

अर्जावर निर्णय द्यायला निबंधकाला कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे. अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्या.

नोंदणी झाली की तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. संस्थेचं पॅन काढा. सभासदांची नोंदवही नमुना 'आय' मध्ये आणि यादी नमुना 'जे' मध्ये. या दोन वह्या पहिल्या दिवसापासून लिहा, नंतर आठवून लिहिल्या की चुकतात. अन्नपदार्थ साठवून विकणार असाल तर संस्थेला स्वतःची अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना लागेल, सभासदांची असली तरी. आणि मालाची एकूण उलाढाल वर्षाला ४० लाखांवर गेली की जीएसटी. डाळीच्या कट्ट्यावर कर नाही म्हणून डाळ उलाढालीत मोजायची नाही, असं चालत नाही. तेलासोबत तीही मोजली जाते. पंचवीस मेसचा आकडा या मर्यादेला दिसता दिसता भिडतो.

पाचवं : उपविधीतल्या चार ओळी

आदर्श उपविधी छापील मिळतात म्हणून कोणी वाचत नाही. सगळे वाचायला नको, पण चार ठिकाणी बोट ठेवून बसा. शेअरची किंमत किती. कार्यक्षेत्र कुठवर. सभासदाला उधारी मिळेल का, किती आणि किती दिवस. आणि वर्षाअखेरचा फायदा सभासदांना कोणत्या मापाने मिळणार.

शेवटचं नीट समजून घ्या, कारण संस्थेने आपली परिस्थिती सुधारते ती इथून. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत टाकावाच लागतो. शेअरवरचा लाभांश पंधरा टक्क्यांवर देता येत नाही. पाचशेच्या शेअरवर पंधरा टक्के म्हणजे पंचाहत्तर रुपये, त्यात एक पावशेर काजूही येणार नाहीत. म्हणजे संस्थेतून श्रीमंत व्हायचं तर लाभांशाने होणार नाही. वाट आहे ती खरेदीच्या प्रमाणात मिळणाऱ्या परताव्याची. उपविधीत तशी तरतूद करून घ्या. बाजारभावाच्या थोडं खाली माल विकायचा, मधली फट संस्थेत ठेवायची, आणि वर्षाअखेर ज्याने जितका माल उचलला त्याला त्या प्रमाणात परत द्यायचं. यात दोन गोष्टी साधतात. दर महिन्याला दहा-वीस रुपये स्वस्त मिळाले तर ते भाजीत विरघळून जातात. वार्षिक सभेनंतर एकदम मोठी रक्कम हातात आली तर त्यातून मोठा कुकर येतो, पोळ्यांचा तवा येतो, गच्चीवर पत्रे पडतात. आणि वर्षभर त्या पैशांवर संस्थेचा पुढचा टेम्पो भरतो, व्याज न देता.

सहावं : उधारी

संस्था बाजारामुळे बुडत नाही, ओळखीमुळे बुडते. आमची दुसऱ्या वर्षी बुडायला आली होती, आणि दोष आमच्याच समितीचा होता, त्यात मी सचिव.

आमच्या पहिल्या दहातल्या एका मावशीची मेस एका क्लासच्या भरवशावर होती. क्लास दुसऱ्या भागात गेला, पोरं गेली. त्या आल्या, "भाऊ, एवढ्या बारीला धकवा, पोरांची फीस आली की देते." धकवलं. पुढच्या महिन्यात परत. मी वहीत आकडा लिहीत गेलो, वर कोणाला बोललो नाही. अध्यक्षांना माहीत होतं, तेही बोलले नाहीत. मावशींचं बघून आणखी तिघांनी उधार उचललं. त्यांना नाही म्हणायला आमचं तोंड राहिलं नव्हतं. मार्चअखेर एक लाखावर माल बाहेर होता, आणि जूनचा पहिला टेम्पो भरायला खात्यात पैसे नव्हते. दोन सभासदांनी खिशातून घातले म्हणून भरला.

त्यानंतर सभेत नियम झाला : उधारी शेअरच्या रकमेच्या पटीत, तीस दिवस, एकतिसाव्या दिवशी माल बंद. अध्यक्ष असो नाहीतर अध्यक्षाचा मेव्हणा. आणि थकबाकीची यादी दर महिन्याला व्हॉट्सॲप ग्रुपवर न टाकता (त्याने भांडणं होतात) मासिक बैठकीत वाचून दाखवायची. मावशींनी चौदा महिने हप्त्याने पैसे फेडले. आजही सभासद आहेत, आता त्या फक्त डबे देतात.

नव्या संस्थेने हा नियम पहिल्या सभेतच करावा, जेव्हा कोणाकडेच थकबाकी नसते. नंतर केलेला नियम कोणाच्यातरी विरोधात केल्यासारखा दिसतो.

सातवं : तारखा

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यानंतर चार महिन्यांत लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि त्याच तारखेपर्यंत निबंधकाकडे विवरणपत्रं. लेखापरीक्षक सर्वसाधारण सभेने शासनाच्या नामतालिकेतून (मान्य लेखापरीक्षकांच्या यादीतून) नेमायचा. त्याला घाबरू नका. आमच्या लेखापरीक्षकाने पहिल्या वर्षी रिकाम्या पिंपांचा हिशेब मागितला, तेव्हा आम्ही हसलो. मोजले तर सोळा कमी निघाले.

कर्जाचं काय

खरेदीची संस्था आणि पतसंस्था एकाच वेळी काढायच्या फंदात पडू नका. कर्ज हवं असेल तर आधीच चालू असलेल्या चांगल्या पतसंस्थेचं किंवा नागरी सहकारी बँकेचं सभासद व्हा. फरक मोठा आहे. सावकाराकडून पन्नास हजार शेकडा तीनने उचलले तर महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा हजार नुसतं व्याज. तेच समजा वर्षाला चौदा टक्क्यांनी मिळाले तर सात हजार. मधले अकरा हजार म्हणजे वर उदाहरणात काढलेल्या वर्षभराच्या डाळ-तेलाच्या बचतीहून जास्त.

पण आत जायच्या आधी लेखापरीक्षण अहवाल मागा. अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो, तो बघा. सभासद झाल्यावर उपविधी, शेवटचा ताळेबंद, समितीची यादी, सभेचं इतिवृत्त फुकट पाहायचा हक्क कायद्याने आहे. दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या संस्थेत पैसे ठेवू नयेत. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत जास्त व्याजाचं गाजर दाखवणाऱ्या पतसंस्थांत लोकांच्या आयुष्याच्या ठेवी अडकल्या, हे वेगळं सांगायला नको. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकही त्यात आली, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दारावरच्या पाटीवर 'बँक' लिहिलंय की 'पतसंस्था', हे नीट वाचा.

आणि जामीनदार म्हणून सही करताना हात जरा आखडता घ्या. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, आणि तो कर्जदारासोबत जामीनदारावरही चालतो.

टेलर आणि इतर माल तयार करणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. प्रत्येकाने उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) करून ठेवा. ती फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर उठून या. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. एकटा टेलर व्यापाऱ्याला हे ऐकवायला कचरतो. वीस टेलरांच्या संस्थेचा सचिव लेटरहेडवर लिहून पाठवतो.

सुरुवात कधी करावी

मेसवाल्यांनी एप्रिल-मेमध्ये. परीक्षा होतात, पोरं गावी जातात, चुली गार असतात, मीटिंगला माणूस मिळतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्यातले लोक टँकरसाठी पहिल्यांदा एकत्र आले होते. संस्थेची कल्पना खरं तर त्या रांगेतच निघाली. जून ते ऑगस्ट वह्या लिहा, सप्टेंबर ते नोव्हेंबर तीन टेम्पो करा, डिसेंबरात अर्ज द्या. जानेवारीपासून मोंढ्यात नवी तूर यायला लागते. तोवर संस्थेचं खातं उघडलेलं असेल तर पुढच्या जूनची डाळ तेव्हाच बोलून ठेवता येते. गिरणीवाल्याकडे जाताना दाणे दाताखाली फोडून बघणारं माणूस सोबत घ्या.